मातीची देणी

आपल्याकडे माती परीक्षण दोन प्रकारचं होतं. एक शेतकरी करतो. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खुरप्यानं खड्डा घ्यायचा, निघालेली माती गोणपाटावर कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायची. २०१५ पासून त्याची जमीन आरोग्य पत्रिका मिळते. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि आणखी सहा, अशा १२ गोष्टी तिच्यात असतात. दुसरं परीक्षण बिल्डर करतो. तिकाटणं उभं करून बोअर मारतात, मुरूम किती मीटरवर लागला, पाषाण किती मीटरवर, दर चौरस मीटरला किती टन भार पेलेल, याचा जाडजूड अहवाल होतो. शेतकरी विचारतो, जमीन देईल किती. बिल्डर विचारतो, पेलेल किती. आजवर हिनं गिळलंय काय, हे विचारणारं तिसरं परीक्षणही असतं, पण ते आपल्याकडे इतकं क्वचित होतं की त्याला अजून स्वतःचं नावसुद्धा मिळालेलं नाही.

मी ठाण्यात राहतो. आमची सोसायटी एका बंद कारखान्याच्या जागेवर उभी आहे. यात विशेष काही नाही. भांडुप-मुलुंडपासून वागळे इस्टेटपर्यंत, आणि घाट चढून गेलं की पिंपरी-चिंचवडलाही, असंख्य लोक असेच राहतात. कंपन्या गेल्या, बसस्टॉपला त्यांची नावं राहिली. रिक्षावाल्याला टॉवरचं इंग्रजी नाव सांगून कळत नाही, कंपनीचं सांगितलं की तो मीटर टाकतो.

आमच्या टॉवरचं खोदकाम चालू होतं तेव्हा मी बाबांना प्लॉट दाखवायला घेऊन गेलो होतो. बाबांची ३१ वर्षं दुसऱ्या एका कारखान्याच्या प्लेटिंग खात्यात, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या खात्यात गेली. पत्र्याच्या कुंपणाला फट होती तिथून त्यांनी आत पाहिलं. पोकलेननं कापलेली तीन-साडेतीन मीटरची मातीची भिंत उभी होती. वर काँक्रीटचा थर, खाली राखेचा काळपट पट्टा, त्याखाली मुरूम, आणि मुरमातून एका कोपऱ्यात उतरलेला हळदीसारखा पिवळा ओघळ. मला तो बघायला छान वाटला. बाबा म्हणाले, "हा क्रोम." मग जरा थांबून, "आम्हीपण मागे चिंचेखालीच सोडायचो. कोण विचारायला येत होतं?" त्यांच्या खात्यातल्या जुन्या माणसांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडलेली होती. क्रोमिक ॲसिडच्या वाफेनं पडतात. बाहेरून दिसत नाहीत.

कुंपणाखालून वाहून आलेल्या चिखलातली थोडी माती मी एका रिकाम्या जॅमच्या बाटलीत भरून घेतली. तिचं पुढे सांगतो.

क्रोमियमची दोन रूपं महत्त्वाची. षट्‌संयुजी रूप पिवळं, पाण्यात विरघळणारं, म्हणून पावसाबरोबर खाली खाली जाणारं, आणि कर्करोगकारक. त्रिसंयुजी रूप बरंचसं निरुपद्रवी, मातीच्या कणांना धरून बसणारं. पहिल्याचं दुसरं करायला जे रसायन लागतं त्यातलं एक आपल्या आजोबांनाही माहीत होतं: हिराकस. म्हणजे फेरस सल्फेट. ते योग्य प्रमाणात, योग्य खोलीवर, मातीचा सामू सांभाळून मिसळलं तर विष जागच्या जागी बांधलं जातं. हे सगळ्याच विषांना लागू नाही. यंत्रं धुवायला वापरलेली क्लोरीनयुक्त द्रावणं पाण्यापेक्षा जड असतात, ती पाणी ओलांडून थेट तळाच्या पाषाणाच्या भेगांत जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं पाझरत राहतात. त्यांना जमिनीतून हवा ओढून काढावं लागतं किंवा पाणी उपसून धुवावं लागतं. फर्नेस ऑइल, डिझेल यांना जिवाणू खातात, त्यांना हवा आणि खत पुरवलं तर बरंच काम तेच करतात. शिसं आणि पारा मात्र कुणी खात नाही. सांगायचा मुद्दा असा की माती साफ करणं ही काही अद्भुत विद्या नाही. मात्र कुठलं विष आहे, किती आहे आणि किती खोल आहे हे आधी कळलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच कळून घ्यायची आपली तयारी नसते.

मग आपण करतो काय? खोदतो. दोन-तीन मजली बेसमेंटसाठी तसंही खोदायचंच असतं. तो पिवळा ओघळ, तो राखेचा पट्टा, सगळं हायवा डंपरात भरून रात्री अकरानंतर निघून जातं. बिल्डरचा प्लॉट स्वच्छ होतो, तोही कुणी स्वच्छ करायचं न ठरवता. आणि माती जाते भरणीला. खाडीकाठची खाजणं, भिवंडी-कल्याणकडची भातखाचरं, कुणाच्या तरी रस्त्याकडेच्या सखल जमिनी. भरणीची माती पाहिजे असेल तर संपर्क साधा, असे फोन नंबर विजेच्या खांबांवर रंगवलेले असतात. घेणाऱ्याला फुकटात किंवा थोडक्यात भराव मिळतो, देणाऱ्याची कटकट मिटते. ती माती कुठल्या खात्याखालून निघाली हे दोघांनाही ठाऊक नसतं. मग त्या भरावावर कुणी वांगी लावतो, कुणी चाळ बांधतो आणि चाळीच्या मागे कूपनलिका मारतो.

विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला तळाच्या मातीचा धोका फारसा नाही, हे मला प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. आमची बाग पोडियमवर आहे, तिची लाल माती विकत आणलेली आहे. धोका आहे तो खड्ड्यात उतरून अनवाणी काम करणाऱ्या मजुराला, हायवाच्या मागे धूळ खाणाऱ्या वस्तीला, आणि जिथं ती माती रिकामी झाली तिथल्या माणसांना. औद्योगिक जमिनीवरच्या विषाची चर्चा आपल्याकडे कधी झालीच तर ती नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या काळजीनं होते. ती काळजी चुकीच्या पत्त्यावर जाते.

इंग्लंडमध्ये कॉर्बी नावाचं पोलादाचं गाव आहे. तिथलं पोलाद बनवणं १९८० साली थांबलं, आणि तिथल्या नगरपालिकेनं शेकडो एकर जमीन साफ करून पुन्हा उपयोगात आणायचं ठरवलं. हेतू उत्तम होता. काम पुढे दीड दशक चाललं. उघड्या ट्रकांतून चिखल गावातून जात होता, रस्त्यावर सांडत होता, वाळून त्याची धूळ होत होती. त्या वर्षांत गावातल्या काही बायकांना हाताची बोटं नसलेली, पावलं वाकडी असलेली मुलं झाली. त्या बायका कारखान्यात कामाला नव्हत्या, त्या फक्त तिथं राहत होत्या. २००९ साली लंडनच्या उच्च न्यायालयानं नगरपालिकेला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं आणि २०१० मध्ये नगरपालिकेनं अपील सोडून तडजोड केली. कॉर्बीत निदान साफसफाई चाललीय हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे तेच काम खोदकाम म्हणून चालतं, त्यामुळे ताडपत्री घाला, चाकं धुऊन मग ट्रक बाहेर काढा, हे सांगायचंही कुणाला सुचत नाही. सुचलं तर ते रस्ता घाण होतो म्हणून.

भोपाळचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे असं आपण समजतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र पाठ आहे. त्या कारखान्याखालची जमीन पाठ नाही. वायूची दुर्घटना घडायच्या कितीतरी आधीपासून तिथला टाकाऊ माल आवारात पुरला जात होता, आणि बाहेर बांधलेल्या तळ्यांत सोडला जात होता. पुढे आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांना जे पाणी आलं ते या जमिनीचं होतं, वायूचं नव्हतं. १ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथून ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून, पोलीस बंदोबस्तात, पीथमपूरला नेला. तिथं आंदोलन झालं, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. जूनअखेर तो सगळा जाळून झाला, आणि मागे ८०० टनांच्या वर राख उरली, कारण जाळताना चुना वगैरे घालावा लागतो. बातम्यांचे मथळे आले की ४० वर्षांचा डाग पुसला. आता दुसरा आकडा पाहा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० साली जो अभ्यास केला, त्यात दूषित मातीचा अंदाज होता ११ लाख टन. म्हणजे दर १०० किलोमागे साधारण ३० ग्रॅम हलवून आपण ताट स्वच्छ झालं म्हणतोय. जे पोत्यांत भरलेलं होतं, मोजलेलं होतं, फोटोत येत होतं, ते गेलं. माती तिथंच आहे.

याच कचऱ्याचा एक नागपुरी उपप्रसंगही आहे. २०११ मध्ये तो नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचं घाटत होतं. विदर्भात विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, कचरा आला नाही. विरोध करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण मोजायला नागपूरची संस्था चालते, जाळायला नागपूरची भट्टी चालत नाही, ही आपली सर्वसाधारण वृत्ती आहे हे खरं. दुसऱ्याच्या अंगणात ढकलायचं काम आम्ही ठाणेकर तर रोज रात्री करतो, तेही मोर्चाशिवाय.

आता कायदा काय म्हणतो ते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. उशिरा का होईना, चांगली गोष्ट. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर, मग जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. सगळ्याला मुदती आहेत. फक्त जमीन अमुक वर्षांत स्वच्छ झाली पाहिजे, अशी मुदत नाही. देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं सात ठिकाणी, ही त्या वेळची स्थिती. या नियमांवर माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. त्यांची सुरुवात संशयापासून होते. कुणीतरी तक्रार करायची, कुणाला तरी शंका यायची, तहसीलमधल्या कुणीतरी यादीत नाव घालायचं. जो प्लॉट पत्र्याच्या आड आहे आणि सहा महिन्यांत बेसमेंट होणार आहे, तो संशयित ठरेपर्यंत माती भिवंडीला पोचलेली असते.

आणि जो दूषित करेल तो भरेल, हे तत्त्व? ते सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच बिछडीच्या निकालात ठणकावून सांगितलं. राजस्थानात उदयपूरजवळचं हे गाव. तिथं एच ॲसिड बनवायचे; कापडाच्या रंगांना लागणारा कच्चा माल. ३७५ टन माल काढला, त्यापायी २,४४० टन गाळ उरला आणि उघड्यावर टाकला. विहिरींचं पाणी तांबडं-काळं झालं. नीरीनं खर्च काढला, ३७ कोटी ३८ लाखांच्या आसपास रक्कम ठरली. कंपन्यांनी ती भरायची टाळली, एकामागून एक अर्ज केले, आणि जुलै २०११ मध्ये न्यायालयाला व्याजासकट वसुलीचा आणखी एक निकाल द्यावा लागला. म्हणजे ज्या खटल्यातून हे तत्त्व देशाला मिळालं त्याच खटल्यात वसुलीला १५ वर्षं पुरली नाहीत. कारखानदार कारखाना बंद करून गेल्यावर त्याच्या मागे धावणं हा हरायचाच खेळ आहे. कंपनीचं नाव बदलतं, दिवाळखोरी होते, मालक वारतो, मुलगा न्यू जर्सीत असतो. छोट्या प्लेटिंगवाल्याकडे तर देण्यासारखं नसतंच काही.

पैसा एकाच क्षणी टेबलावर असतो: जमिनीचा वापर बदलतो तेव्हा. ठाण्या-मुंबईच्या भाषेत ‘आय टू आर’. कालपर्यंत कारखान्याची म्हणून जी जमीन होती ती आज निवासी झाली की तिची किंमत जी उसळी घेते, त्या उसळीपुढे माती तपासायचा खर्च म्हणजे लग्नाच्या जेवणावळीतलं मीठ. त्या टेबलावर सरकारची सही लागते. तिथंच माती आडवी आली पाहिजे.

हे मी हवेतून सांगत नाही, याला नमुना आपल्याच नियमांत आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार बंद कारखान्याच्या जागेचा वापर बदलायचा तर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला लागतो, की कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाली आहेत. हा दाखला आकाशातून पडला नाही. तो गिरणी कामगारांच्या पिढीनं भांडून मिळवला. त्याची अंमलबजावणी किती चोख झाली हा वेगळा आणि कडवट विषय आहे, पण तत्त्व पक्कं झालं: ज्यांच्या जिवावर इथं कमावलं त्यांचा हिशेब मिटल्याशिवाय पुढचं बांधकाम नाही. मातीचीही देणी असतात. तिचा दाखला का नको?

गिरण्यांचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट मनात सलते ती सांगतो. १८ जानेवारी १९८२ चा संप, गिरण्यांच्या जमिनींच्या वाटपाचा १९९१ चा नियम ५८, २००१ ची दुरुस्ती, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या सगळ्या काळात सुमारे ६०० एकर जमिनीसाठी मुंबई भांडली. एक तृतीयांश कुणाला, मोकळी जागा किती, घरं किती, चटईक्षेत्र किती. भांडण रास्त होतं. पण रंगखाती, ब्लीचिंगचे हौद, बॉयलरची राख, तेलाच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मर यांच्याखाली शंभर वर्षांत काय मुरलं, हा प्रश्न त्या भांडणात कुणी लावून धरल्याचं मला आठवत नाही. ना मालकांनी, ना युनियननी, ना आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी. आम्ही जमीन म्हणजे फक्त चौरस फूट समजत होतो.

आज कागदावर काहीच नाही असंही नाही. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीपत्राच्या अटींत एक ठरलेली ओळ असते: जड धातू आणि इतर विषारी द्रव्यं झिरपून भूजलाला धोका होणार नाही याची खात्री करण्यासाठी माती व भूजलाचे नमुने तपासावेत. आमच्या सोसायटीच्या फाइलमध्ये तो तपासणी अहवाल मी पाहिला. एक पान. एक नमुना. खोली लिहिलेली नाही. तपासलं काय, तर सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश. विषाच्या शोधात निघालेल्या माणसानं शेतकऱ्याचं परीक्षण करून आणलं होतं, आणि तळाशी शेरा: माती लागवडीस योग्य.

म्हणून दाखला मागायचा तर तो असा हवा की ज्याला असं बगल देता येणार नाही. आधी इतिहास लिहा: या प्लॉटवर काय बनत होतं, कुठल्या शेडमध्ये, टाक्या कुठे, शोषखड्डा कुठे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं पाहा. पण आपलं मंडळच १९७० चं, त्याआधीच्या कारखान्यांनी काय केलं त्याचा कागद नाही. तो माणसांच्या डोक्यात आहे. चिंचेखाली काय सोडायचो हे बाबा सांगू शकतात, त्यांच्या खात्यातले आणखी चार-पाच जण सांगू शकतील. तपासाचं यापेक्षा स्वस्त साधन नाही, आणि ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. इतिहासावरून बोअरच्या जागा ठरवा, रसायनं ठरवा, आणि प्रयोगशाळा बिल्डरनं नव्हे, मंडळानं नेमावी. फी बिल्डरनं मंडळात भरावी. दूषित निघालं तर जागेवर उपचार, आणि बाहेर न्यायचीच असेल तर घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी, पावतीसकट. हायवा कुठून भरला आणि कुठे रिकामा झाला याची नोंद वाळूच्या ट्रकसाठी आपण ठेवू पाहतो, मग या मातीसाठी ठेवायला काय हरकत आहे?

आणि निकाल काहीही येवो, तो मिळकत पत्रिकेवर चढवा. सातबाऱ्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा चढतो. शेजाऱ्याची वाट, विहिरीतला हिस्सा, सगळं इतर हक्कांत लिहिलं जातं. क्रोमचाही बोजा लिहिता येईल, आणि साफ झाल्यावर कर्जासारखाच कमी करता येईल. फक्त नोंद पुरेशी नाही, हेही सांगून ठेवतो. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात एका रसायन कंपनीनं सुमारे २१,००० टन माल पुरला, आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिलं होतं की इथं रसायनं पुरली आहेत आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही. तरी तिथं शाळा झाली, शेजारी घरं झाली, घरं घेणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. कागदाला माहीत होतं. म्हणून बोजा असेपर्यंत बांधकाम परवाना नाही, ही अट सोबत पाहिजे. त्या प्रकरणातून १९८० साली तिथं साफसफाईचा कायदा झाला, रसायन आणि तेल कंपन्यांवरच्या करातून निधी उभा राहिला. १९९५ ला कराची मुदत संपली तशी निधीला गळती लागली. आपण निधी करू तेव्हा तो वापरबदलाच्या प्रीमियममधून करावा. जमिनी निवासी होत राहतील तोवर तो आटणार नाही, आणि ज्या प्लॉटचा मालकच उरला नाही त्याच्या मातीला तरी वाली मिळेल.

घरं महागतील, असं म्हणतील. फ्लॅटच्या दरात पार्किंगचे, क्लबहाउसचे आणि नुसत्या वरच्या मजल्याचे किती पैसे धरतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी यावर फार विचार करू नये. खरा अवघड प्रश्न वेगळा आहे: किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ? कोडाईकॅनॉलचा थर्मामीटर कारखाना मार्च २००१ मध्ये बंद झाला. पारा असलेला काचेचा कचरा २००३ मध्ये जहाजानं अमेरिकेला परत गेला. मातीचा वाद मात्र पुढे वर्षानुवर्षं चालला, आणि तो बराचसा एका आकड्यावर. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, असं कंपनी आणि तमिळनाडूचं मंडळ म्हणत होतं. शोला जंगलाच्या उतारावर हे फार झालं, असं विरोधक म्हणत होते. मला वाटतं एकच आकडा सगळीकडे लावणं हा हट्ट आहे. पार्किंगच्या काँक्रीटखाली वेगळा, शाळेच्या मैदानाला वेगळा, विहिरीजवळ वेगळा, जंगलाच्या उतारावर सर्वांत कडक. पण हे आकडे आधी ठरलेले असावेत. प्लॉटगणिक, कंपनीगणिक घासाघीस करून ठरायला लागले की स्वस्तातला आकडा जिंकतो.

स्वखुशीनं कुणी तपासणार नाही, याचा पुरावा मी स्वतः आहे. दर पावसाळ्यात आमच्या खालच्या बेसमेंटच्या भिंतीतून पाणी झिरपतं, आणि त्यावर मोरपिशी तवंग येतो. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत मी म्हटलं, एकदा तपासून घेऊ. सभा शांत झाली. सेक्रेटरी भला माणूस आहे, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "अहो, तपासल्यावर रिपोर्ट येणार. एकदा आला की तो आला. मग काय करायचं?" कुणीतरी म्हणालं गाड्यांचं ऑइल असेल. वॉटरप्रूफिंगचा ठराव झाला आणि चहा आला. मला राग आला का? नाही आला. माझं कर्ज अजून नऊ वर्षं आहे, फ्लॅटचा भाव पडला तर मलाही झोप लागणार नाही. म्हणून तर तपासणी फ्लॅट विकायच्या आधी, ज्याला अजून शेजारी आणि हप्ते नाहीत अशाच्या गळ्यात घालायला हवी. आमच्यासारख्यांच्या नैतिक धैर्यावर ती सोडू नये.

डोंबिवलीत हे आत्ता करून दाखवता येईल. २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला म्हणून मुख्यमंत्री पाहायला आले. २३ मे २०२४ चा स्फोट झाला, माणसं गेली, आणि घातक कारखाने हलवा ही मागणी पुन्हा जोरात आली. दीडशेवर कारखाने पाताळगंगेला न्यायची घोषणा त्याआधीच झालेली होती. हलवा, जरूर हलवा. पण कारखाना ट्रकमध्ये घालता येतो, त्याच्याखालचे पाच मीटर नाही. कारखाने गेले की निवासी विभागाच्या पलीकडच्या त्या जमिनीवर कुणाकुणाची नजर जाईल हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. इथं एक सोय अशी आहे की जमीन एमआयडीसीची आहे, कारखानदार ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत. भाडेकरू खोली सोडताना घरमालक भिंतीत किती खिळे ठोकले ते मोजून मग अनामत परत करतो. एमआयडीसीनं एवढं घरमालकपण दाखवावं: भूखंड परत घेताना किंवा दुसऱ्याच्या नावावर करताना आधी माती. आणि पाताळगंगेचा भूखंड देताना त्याची आजची माती तपासून तो कागद भाडेपट्ट्याला जोडावा, म्हणजे पन्नास वर्षांनी तिथं कुणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

ती जॅमची बाटली माझ्या बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे आहे. माती सुकली, काचेला आतून पिवळी खपली धरली आहे. प्रयोगशाळेचा पत्ता मी दोनदा काढून ठेवला होता. गेल्या महिन्यात शेजारचा फ्लॅट पाहायला एक जोडपं आलं होतं, लिफ्टपाशी गाठ पडली. बाईंनी सहज विचारलं, पूर्वी इथं काय होतं हो? मी कंपनीचं नाव सांगितलं. "अच्छा, म्हणून त्या स्टॉपचं नाव ते!" त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि लिफ्टचं बटण दाबलं.